वाटाड्या गप्प आहे

गार्डन रीच, कलकत्ता
रविवार, २ जून १९७४

लीना,

सकाळी पूजेत एक फूल तुझ्या नावाचं वेगळं ठेवतो. एवढं एक वाक्य घरचं लिहितो आणि ठरल्याप्रमाणे खेळाकडे वळतो.

संप मिटला. गाड्या सुरू झाल्या आणि अडकलेलं टपाल एकदम आलं. गावाहून श्यामकाकांचं कार्ड आलं, औदुंबरहून प्रसादाचं पाकीट आलं, त्यातला अंगारा सगळा पाकिटातच सांडलेला. तुझं काही नव्हतं. राऊरकेल्याची थैली खरगपूरला पडून असेल असं म्हणून आणखी थांबलो. काल शरदकाकांना विचारलं, तुम्हाला तरी काही आलं का?

"मला? दादा, वैद्याला कोण कार्ड लिहितं! पोट दुखलं की आठवण होते," असं म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "येईल. संपात टपालवाले पण माणसंच ना."

मधे खंड पडला आहे, तेव्हा आपण कुठे आहोत ते पुन्हा मांडतो. चुकलं तर दुरुस्त कर.

आपण तिघे गडाच्या वाटेवर आहोत. तू वाटाड्या, मी पहारेकरी, शरदकाका वैद्य. श्यामकाका गावी बसून वाट आखतात आणि प्रत्येकाला वेगळं कार्ड पाठवतात. पुढचं तुला दिसतं, मागचं मला दिसतं, आणि कोण थकलं, कोणाला ताप चढतो आहे, ते वैद्याला. कोणालाच सगळं दिसत नाही. एकमेकांना लिहून कळवायचं आणि मग तिघांनी श्यामकाकांना होकार धाडायचा. गप्प राहणं हा होकार धरायचा नाही, हा नियम त्यांनी शाळेत असतानाच केला होता. तेव्हा आम्ही चिंचेखाली बसून खेळायचो, हाकेच्या अंतरावर. टपालाने खेळायची कल्पना तुझी. निघताना स्टेशनवर म्हणाली होतीस, "बाबा, तुम्ही बोलत तर नाहीच. निदान लिहा. पण लग्नाचं नको, घरचं नको. तो तुमचा शाळेतला खेळ लिहा."

तर सध्या आपण नदीकाठी आहोत. नाव कोणी तरी जाळून टाकली आहे. तुझं शेवटचं कार्ड होतं, "उतार शोधायला मी पाण्यात जाते. मी सांगेपर्यंत काठ सोडू नका." काठ सोडलेला नाही. मागे टेकडीवर धूळ दिसते. घोडेस्वार असावेत. किती ते अजून दिसत नाही. श्यामकाका म्हणतात, जवळ आले की दिसतील. त्यांचा विनोद असाच असतो.

पाणी केवढं आहे ते कळव.

अक्षर मोठं आलं आहे. निब जाड आहे, दुसरं काही नाही.

पहारेकरी


गार्डन रीच
गुरुवार, २० जून १९७४

लीना,

आज गुरुवार. उपास सोडायच्या आधी लिहायला बसलो, म्हणजे पत्र लांबणार नाही.

धूळ टेकडी उतरली आहे. स्वार सात-आठ असावेत. वैद्याने मला कळवलं आहे की पहारेकऱ्याच्या पायाला जखम झाली आहे आणि ती चिघळते आहे. श्यामकाकांनी हे त्यांनाच कळवलं होतं, मला नाही. स्वतःचा पाय असून मला ठाऊक नव्हतं! शरदकाकांनी त्यावर अर्निका दिलं. श्यामकाकांनी उलट लिहिलं की गडाच्या वाटेवर होमिओपाथी चालणार नाही, पाला आणा, मुळी आणा. शरदकाका संतापले. "कलकत्त्याचा वैद्य आणि होमिओपाथी नाही? मग माझ्या पेटीत काय ठेवू, मुरमुरे?" माझ्यासमोर दोन वाट्या मुरमुरे खाऊन मगच ते घरी गेले.

ते आता आठवड्यातून दोनदा येतात. खिदिरपूरहून कस्टमचं काम आटोपून, ट्राममधून उतरून, चालत. पूर्वी महिन्यातून एकदा यायचे. त्यांच्या आजोबांपासून घर इथलं, तेव्हा त्यांच्या मराठीला सुरुवात आहे पण शेवट कोणत्या भाषेत होईल सांगता येत नाही. तू त्यांची नक्कल करायचीस आणि तुझी आई पदर तोंडाला लावायची. परवा येताना त्यांनी वाटेत माझं कोपर धरलं. वीज गेली होती आणि पायरी चुकली, एवढंच.

तुझं कार्ड नाही.

मी कारणं शोधत बसतो. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम वाढलं असेल. कदाचित वसतिगृहात पत्रं कोणाच्या हाती पडत असतील. माझ्यावर राग असेल, तर तो कशाचा, ते मला ठरवता येत नाही. मार्चमध्ये मी न कळवता आलो आणि फाटकाशी डबा घेऊन बसलो, त्याचा असेल का? रेल्वेच्या पासवर गाडी मिळाली, म्हणून आलो. दरवान म्हणाला, बसा. मी बसलो. तुझ्या मैत्रिणी जाता-येता हसत होत्या, ते मला दिसत होतं, पण हसण्यासारखं काय ते कळत नव्हतं. तू आलीस, डबा घेतलास आणि म्हणालीस, "बाबा, बोलावल्याशिवाय येऊ नका." मी बरं म्हटलं. पुरणपोळ्या मी केल्या होत्या, त्या फाटल्या होत्या. म्हणून तर त्या हसल्या नसतील?

हे घरचं झालं. खोडणार होतो, पण खोडलेलं जास्त वाचलं जातं.

खेळाचं एवढंच: नुसतं "पाणी खोल आहे" लिहिलंस तरी चालेल. "येत नाही" लिहिलंस तरी चालेल. काठावरच्या माणसाला काही तरी ऐकू यायला हवं.

पहारेकरी


गार्डन रीच
रविवार, २१ जुलै १९७४

लीना,

हे पत्र नीट वाच. घाईत असशील तर आता ठेवून दे आणि सवडीने वाच.

आधी लपवलेलं सांगतो. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. या वयात लवकर आला, असं डॉक्टर म्हणाले. तो काढला. सगळं सुरळीत झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. आता पट्टी निघाली आहे आणि डाव्या डोळ्याने लिहितो आहे. तुला कळवलं नाही, कारण ते घरचं होतं.

पडल्या पडल्या मी नाम घेत होतो. खरं सांगायचं तर नामाच्या मधे मधे नदी येत होती. तू पाण्यात किती पुढे गेली असशील, असंच मनात यायचं.

शरदकाका रोज संध्याकाळी येत. एके दिवशी श्यामकाकांचं कार्ड घेऊन आले. मी म्हटलं, वाचा. ते वाचू लागले. श्यामकाकांचं अक्षर मोडीच्या वळणाचं, तेव्हा प्रत्येक शब्दाशी त्यांची झटापट चालली होती.

"'गुरुदत्ता, तुझ्या मुलीचं मला कार्ड आलं होतं. लिहिते, नदी खोल आहे पण मी चेष्टा करणार. मी इथे बसून एकेक दगड मनात मांडतो, आणि ही चेष्टा करणार! मी तिला उलट टपालाने लिहिलं, चेष्टा करणाऱ्यांनी या वाटेला येऊ नये. त्यावर तिचं उत्तर नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होकार आला नाही, तर वाटाड्या पाण्यात गेला असं धरून तुम्ही दोघांनी पुढे व्हावं.'"

कार्ड संपलं. मी काही बोलण्याआधी शरदकाकाच भडकले.

"दादा, हे कसले मास्तर तुमचे? एवढीशी मुलगी खोल पाण्यात उतरते, चेष्टा करीन म्हणते, आणि हे म्हणतात चेष्टा करायची नाही! मग काय करायचं? काठावर बसून मूडी, मुरमुरे खायचे? चेष्टा पण नाही करायची माणसाने?"

मला हसू आलं. एवढं हसू आलं की पिशव्या सरकल्या. नर्स धावत आली आणि हसू नका म्हणून ओरडली, "हासबेन ना! एकदम हासबेन ना!" शरदकाका बिचारे विचारत राहिले, मी काय विनोद केला?

मग हसू आपोआप थांबलं.

लीना, तू श्यामकाकांना काय लिहिलंस ते मला तिथे पट्टीखाली कळलं. तू लिहिलंस, मी प्रयत्न करीन. जीव तोडून करीन. आपल्या घरात आपण चेष्टा म्हणजे तेच म्हणत आलो. तू सायकल शिकताना मी मागून ओरडायचो, "चेष्टा कर, चेष्टा कर." हा शब्द इथल्या बंगाली शेजाऱ्यांकडून घरात कधी आला आणि कधी आपला झाला, माझ्या ध्यानातच आलं नाही. तुझ्या शाळेत तर तो तसाच होता. पण श्यामकाकांच्या गावात, जे माझंही गाव, चेष्टा म्हणजे टिंगल. मस्करी. त्यांनी वाचलं की ही पोरगी आमच्या खेळाची टिंगल करणार आहे. म्हणून चिडून त्यांनी लिहिलं, टिंगल करणाऱ्यांनी या वाटेला येऊ नये.

आणि तू काय वाचलंस, तेही मला कळलं. प्रयत्न करणाऱ्यांनी या वाटेला येऊ नये.

हे वाचून कोण परत लिहील? मी तरी लिहिलं नसतं.

त्यांचा शब्द तू तुझ्या भाषेत वाचलास, तुझा शब्द त्यांनी त्यांच्या भाषेत वाचला, आणि ज्याला दोन्ही ठाऊक होते तो मी, मला दोन्ही कार्डं दिसली नाहीत. पुढचं एकाला, मागचं एकाला, असा खेळ आपणच मांडला आहे. दोष कोणाला द्यायचा?

श्यामकाकांना मी शरदकाकांकडून सगळं लिहून घेऊन कळवलं आहे. लिहिताना शरदकाका विचारत होते, "दादा, खरंच तिकडे चेष्टा म्हणजे ठट्टा? मग माझ्या लग्नात पुण्याच्या सासऱ्यांना मी सांगितलं होतं, तुमच्या मुलीला सुखी ठेवायची मी फार चेष्टा करीन..." आणि एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "तरीच."

दोन ओळी लिही. खेळात यायचं नसेल तर तसं लिही. श्यामकाकांवर राग धरू नकोस, एवढंच मागतो.

पहारेकरी. तुझे बाबाही.


गार्डन रीच
रविवार, ४ ऑगस्ट १९७४

लीना,

काल पौर्णिमा झाली.

श्यामकाकांचं कार्ड त्याआधीच आलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं आहे. ते तुलाही लिहिणार होते, लिहिलं असेल. मला लिहिलं, "पन्नाशीला आलो, पोरं शिकवली, आणि एका शब्दाने पोरीला बुडवलं." मुदत वाढवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. मुदत वाढवली की आपण फक्त वाट बघणं वाढवतो, आणि माझ्यामुळे शरदकाका अडकून पडतात. त्यांना मी सांगितलं, तुम्ही पुढे व्हा. स्वार नदीकाठी पोचले आहेत. पहारेकरी इथे थांबेल, वैद्य वरच्या अंगाने निसटेल. नियमात बसतं.

"मी एकटा वैद्य गडावर जाऊन औषध कोणाला देऊ?" असं म्हणाले. "आजारी माणूस तर इथे काठावर. नाही दादा, मी नाही जात. लिहा तुमच्या मास्तरांना."

तसं लिहिलं. वैद्य आणि पहारेकरी काठावर आहेत, वाटाड्याचा आवाज आल्याशिवाय हलणार नाहीत.

श्यामकाकांनी नियमाने केलं ते केलं. दोघेही धरले गेले. खेळ संपला. त्यांनी शेवटी लिहिलं, शाळेतल्या दिवसांपासून इतक्यांदा हा खेळ मांडला, पण कोणी मुद्दाम हरलेलं हे पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा आता मी पहारेकरी नाही आणि तुझी अट उरलेली नाही. मला फार वेळा असं वाटलं आहे की अट होती तेच बरं होतं. निदान हातात काही होतं. घोडे, धूळ, पाणी. त्यांच्या आड राहून मी तुला विचारू शकत होतो, बरी आहेस ना. आता लिहायला बसलो तर कागद नुसता समोर असतो.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे आणि ती सांगतो. सांगलीच्या स्थळाकडच्या मंडळींना तू राऊरकेल्याला गेलीस त्याच आठवड्यात मी नकार कळवला. त्यांचं उत्तरही आलं, सभ्य होतं. तुला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मला वाटलं, मी पुन्हा विषय काढत नाही त्यावरून तुला समजलंच असेल. मी गप्प आहे म्हणजे ते संपलं, असं माझ्या मनात होतं. तुझ्या मनात ते काय झालं असेल, याचा विचार मी पट्टी बांधून पडलो होतो तेव्हा पहिल्यांदा केला.

राऊरकेल्याला येणार नाही. बोलावल्याशिवाय येणार नाही असं म्हणालो होतो. रोज सकाळी साडेनवाच्या सुमाराला ऑफिसच्या जिन्यात टपालाचा माणूस भेटतो. आता तो मला बघूनच मान हलवतो. त्या बिचाऱ्याला अपराधी वाटायला लागलं आहे. म्हणून हल्ली मी दुसऱ्या जिन्याने चढतो.

बाबा


गार्डन रीच
गुरुवार, २२ ऑगस्ट १९७४

लीना,

तुझं पत्र आलं. पाकीट होतं, कार्ड नाही, म्हणून प्रथम भ्यायलो. शरदकाका होते. म्हणाले, "मी वाचू?" मी नको म्हटलं. डाव्या डोळ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग त्यांना दिलं. ते वाचताना खिडकीकडे तोंड करून बसले होते. परत देताना फक्त म्हणाले, "मेयेटा, पोरगी तुमच्यासारखीच. चार महिने गप्प बसते आणि मग आठ पानं."

तू लिहिलं आहेस, "मला वाटलं श्यामकाकांना ते तुम्हीच लिहायला सांगितलं. मी सांगलीला नाही म्हटलं म्हणून." तुला असं वाटलं, आणि असं वाटत असताना तू तिथे चार महिने कामाला जात होतीस, नळ्या धूत होतीस, जेवत होतीस, हे वाचून मी थोडा वेळ देवघरात जाऊन बसलो. तक्रार करायला नाही. दुसरीकडे कुठे बसावं ते सुचेना.

माझी पत्रं तू आल्या दिवशी उघडत नव्हतीस, उशीखाली ठेवत होतीस, आणि डोळ्याचं वाचलंस ते तेव्हा, सगळी एकदम उघडलीस तेव्हा. बरं झालं एकदम उघडलीस. आधी मधलंच उघडलं असतंस तर घाबरली असतीस.

तू लिहितेस, खेळ आता नको. श्यामकाकांना मी तसं कळवतो, त्यांना वाईट वाटणार नाही. ते म्हणतातच, या वयात घोडेस्वार सांभाळणं होत नाही. आणि तू लिहितेस, "आता घरचं लिहा. रोजचं. तुम्ही काय करता ते मला ठाऊकच नाही."

तर लिहितो. मला सवय नाही, तेव्हा जमेल तसं.

सकाळी उठतो. पूजा. भात आणि वरण एकदमच लावतो, संध्याकाळपर्यंत पुरतं. खालच्या मजल्यावरच्या घोषबाई माशाचा वास येतो म्हणून अजून माझी क्षमा मागतात आणि मी अजून सांगतो की मला वासाचं काही नाही. तुझ्या आईलाही नव्हतं. डोळ्याला चष्मा मिळाला आहे, भिंगं इतकी जाड की शरदकाका मला "जहाजाचे कप्तान" म्हणतात. जिना मोठा दिसतो, पायऱ्या वर येतात. हळूहळू सवय होईल असं डॉक्टर म्हणतात. ऑफिसात कोणी फार बोलत नाही, मीही बोलत नाही. दुपारी नदीवर बोटी भोंगा देतात, तेवढाच आवाज. गुरुवारी आरतीला पूर्वी तुझी झांज असायची, ती मी कपाटात ठेवली होती. परवा काढून पुसली. वाजवली नाही, एका हाताने आरती आणि एका हाताने झांज जमत नाही.

तुझी खोली तशीच आहे, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. पावसात छत गळलं, तेव्हा पलंग भिंतीपासून ओढला आणि खाली परात ठेवली. परात अजून तिथेच आहे. रात्री थेंब पडतात. आवाज येतो म्हणून ती मी उचलत नाही.

तू विचारलंस, एकटं वाटतं का. हे तू याआधी कधी विचारलं नव्हतंस आणि मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी कामावरून येतो, कुलूप काढतो आणि दारातच "आलो गं" म्हणतो. मोठ्याने म्हणतो. तुझी आई गेल्यावरही म्हणत होतो, तेव्हा आतून तू "हं" करायचीस, अभ्यासातून मान वर न करता. तू गेल्यावरही म्हणतो. घोषबाईंनी एकदा ऐकलं असावं, जिन्यात थांबल्या होत्या, मग खाली गेल्या.

आता हे पत्र टाकायला निघतो. परत आलो की म्हणेनच.

बाबा